भाजल्यावर कोरफड लावावी का?

प्रश्न : कुकरची वाफ लागून मनगट भाजलं. सासूबाईंनी कुंडीतल्या कोरफडीचं पान मोडून तसंच चोळलं, तर आग वाढली. असं का व्हावं? – एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, दोष कोरफडीचा नाही, घाईचा. पान कापलं की सालीलगत पिवळा, कडू चीक सुटतो, तो कातडीला झोंबतो. पान दहा मिनिटं उभं धरून चीक निथळू द्यायचा, धुवायचं आणि फक्त आतला पारदर्शक गर घ्यायचा. पण त्याआधी वीस मिनिटं नळाखाली हात! बर्फ, टूथपेस्ट, हळद काही नको. गर फक्त लाल झालेल्या, अखंड कातडीवर. फोड आले तर फोडू नका, दवाखाना गाठा.

वनस्पतींवर माझा राग नाही हं. मुंबईच्या डॉक्टरांनी १९८०च्या दशकात उकडलेल्या बटाट्याच्या सालींची पट्टी जळालेल्या जखमांवर वापरली, पुढे केळीचं पानही. ओलावा टिकतो आणि पट्टी काढताना जखमेला चिकटत नाही. मात्र ती निर्जंतुक केलेली असते. आपल्या कुंडीतल्या पानावर कालच्या पावसाची माती असते.