व्हाइट बेल्टचे पहिले सहा महिने

चि. बाय,
अनेक आशीर्वाद.

डिचोलीच्या कराटे क्लासात नाव घातलंस, फार बरं वाटलं. यलो बेल्ट कधी मिळेल, असं विचारलंस. ग्रेडिंग, म्हणजे पट्ट्याची परीक्षा, बहुतेक ठिकाणी तीन-चार महिन्यांनी होतं, संस्थेप्रमाणे थोडं इकडेतिकडे. तोवर तुझं सगळं लक्ष पायांवर असावं असं मला मनापासून वाटतं. ठोसा दिसतो हातात, पण निघतो जमिनीतून: मागची टाच जमीन दाबते, कंबर वळते, मग खांदा, सगळ्यात शेवटी मूठ. टाच उचलली गेली की पुढचं सगळं पोकळ.

झेनकुत्सु-दाची, म्हणजे एक पाय पुढे वाकवून उभं राहण्याचा पवित्रा, तुम्हाला शिकवली असेलच. घरी बल्कांवात, म्हणजे दारापुढच्या पडवीत, खडूने दोन समांतर रेघा मार, मध्ये तुझ्या खांद्यांइतकं अंतर ठेव. एक पाय एका रेघेवर, दुसरा दुसऱ्या. पुढच्या-मागच्या पायातलं अंतर खांद्यांच्या साधारण दुप्पट. वजन पुढे 60 टक्के, मागे 40. पुढचा गुडघा वाकवून खाली बघ. तो पायाच्या बोटांच्याच दिशेने असायला हवा. नवीन मुलांचा गुडघा अंगठ्याच्या आत पडतो, आणि पुढे गुडघ्याच्या आतल्या बाजूला दुखू शकतं. दोन्ही पाय एकाच रेघेवर आले तर कंबर वळायला जागा राहत नाही आणि तोल बाजूला जातो. मागची टाच उचलली जाण्याचं कारण बहुतेक वेळा आखडलेली पोटरी असते. भिंतीला हात टेकून पोटरी ताण, प्रत्येक पायाला 30 सेकंद, तीन वेळा, रोज.

पाऊल पुढे टाकताना पाय सरळ नेऊ नकोस. दुसऱ्या पायाजवळून अर्धचंद्रासारखा आत घेऊन मग बाहेर ने. डोकं वर-खाली होता कामा नये. बल्कांवाच्या दोन खांबांना तुझ्या वाकलेल्या उंचीच्या जरा वर दोरी बांध आणि तिच्याखालून चाल. दोरी डोक्याला लागली म्हणजे तू मध्येच उठलीस, आणि समोरच्याला तुझं पाऊल आधीच कळलं. रोज वीस पावलं पुढे, वीस मागे, एवढं पुरे. पावसात अंगणात मात्र करू नकोस, शेवाळावरून पाय कधी सुटेल सांगता येत नाही.

मूठ करंगळीपासून वळ, एकेक बोट आत, आणि अंगठा बाहेरून पहिल्या दोन बोटांवर. अंगठा मुठीच्या आत ठेवून मारलं तर तो मोडू शकतो. लागायला हवेत तर्जनी आणि मधल्या बोटाच्या मुळाचे सांधे, मनगट सरळ. हवेत मारताना कोपर खाडकन ताठ करू नकोस, केसभर आधी थांब. कोपरदुखी तिथूनच सुरू होते. समोरच्या लाथेत, म्हणजे माए-गेरीत, आधी गुडघा वर, मग पाय. बोटं मागे ओढून चवडा लागू दे, आणि पाय जमिनीवर ठेवण्याआधी परत ओढून घे.

तुझा क्लास कराटेच्या शोतोकान शैलीचा, म्हणजे पहिला काता (ठरलेल्या हालचालींची मालिका) हेइआन शोदान. त्यात 21 हालचाली आहेत, किआई (जोराची आरोळी) दोन: नवव्या आणि सतराव्या हालचालीला. दोन्ही किआईंनंतर 270 अंशांचं वळण येतं, आणि मुलं गडबडतात ती तिथेच, कारण आधी खांदे फिरवतात आणि पाय मागून ओढतात. आधी पाऊल कुठे पडणार ते ठरव, नजर तिकडे ने, मग वळ. काता संपल्यावर सुरुवातीच्या जागी उभी नसलीस, तर तुझी पावलं कुठेतरी लहान-मोठी झाली आहेत. सुरुवातीला खडूची फुली मारून ठेव, म्हणजे चूक लगेच दिसेल. किआई घशातून काढू नकोस. पोट आवळून श्वास सोड, आवाज आपोआप येतो.

ड्रेस 8 औंसांचा, म्हणजे हलक्या कापडाचा घे. जाड कापड आपल्याकडच्या जुलैत दोन दिवस वाळत नाही. सुती असेल तर पहिल्या धुण्यात आटतो, म्हणून एक साइज मोठा. ओला ड्रेस बॅगेत राहिला की काळे ठिपके पडतात, ते मग जात नाहीत. अंगाला खाज सुटून गोल चट्टे उठले तर क्लासच्या सरांना सांग, बरे होईपर्यंत जोडीचा सराव बंद ठेव आणि डॉक्टरांना दाखव. फार्मसीतून मनाने ट्यूब आणू नकोस. स्टेरॉइडवाल्या मलमांनी नायटा वरून दबल्यासारखा दिसतो आणि पसरत जातो. पावसाळ्यात हॉलच्या लाद्यांना ओल सुटते, तेव्हा क्लासआधी फडका मारायला स्वतः पुढे हो. जेवणानंतर दोन तास तरी जाऊ देत. शीत-हुमण पोटात असताना लाथ उचलत नाही.

पहिल्या आठवड्यात मांड्या दुखतील, दोन-तीन दिवसांत उतरतं, त्याला घाबरू नकोस. सांध्यात टोचून दुखलं किंवा सूज आली तर मात्र थांब. त्या दिवशी कडेला बसून बघितलंस तरी तुझा क्लास झाला.

एक गोष्ट आईबाबांनाही वाचून दाखव. सराव चालू असताना हॉलचं दार उघडं असावं, पालकांना बसून बघता यावं. पवित्रा सुधारताना हात लावण्याआधी क्लासच्या सरांनी विचारायला हवं, आणि तुला नको असेल तर नाही म्हणायचा तुला पूर्ण हक्क आहे. सर्टिफिकेट कोणती संस्था देते आणि ग्रेडिंगची फी किती, हे आधीच विचार. चांगल्या शिक्षकाला या प्रश्नांचा राग येत नाही.

चवथीला आठ-दहा दिवस क्लास बंद राहील, नेवऱ्याही भरपूर होतील. परत गेल्यावर पहिल्या दिवशी नेहमीच्या निम्माच सराव कर, लाथ कंबरेच्या वर नेऊ नकोस. तोवर रेघा आणि दोरी तशीच राहू देत.

तुझा शुभेच्छुक,
सर