दॅटनंतर कॉमा कशाला?

प्रश्न : ताई, मी नांदेडला एका खाजगी ऑफिसात आहे, रोज इंग्रजीत मेल लिहावे लागतात. शाळेत शिकवलं होतं की वाचताना थांबतो तिथे कॉमा, मी तसंच करते, तरी साहेब निम्मे कॉमे खोडतात. दोन वाक्यं सोबत देतेय. आणि ‘अँड’च्या आधी कॉमा चालतो का?
– एक वाचक, नांदेड

उत्तर : थांबण्याचा नियम आधी डोक्यातून काढा बरं, तो मोठ्याने वाचायला ठीक आहे. लिहिताना इंग्रजी कॉमा वाक्याच्या बांधणीवर पडतो. तुमचं पहिलं वाक्य, ‘आय थिंक दॅट, द पेमेंट इज पेंडिंग’. हा कॉमा अस्सल मराठी आहे, आपण ‘मला वाटतं की,’ असं लिहितो ना, तोच हात इंग्रजीत चालतो. तिथे दॅटनंतर काही नको. दुसरं, ‘आय हॅव सेंट द फाइल, प्लीज चेक इट’. मराठीत ‘फाइल पाठवलीये, बघून घ्या’ एकदम ओके, पण इंग्रजीत दोन पूर्ण वाक्यं नुसत्या कॉमावर जोडत नाहीत, फुलस्टॉप द्या नाहीतर सेमीकोलन.

साहेब खोडतात त्यापेक्षा घालतात ते कॉमे जास्त बघा, कारण तिथे अर्थच बदलतो. ‘द बिल्स विच वेअर लेट वेअर रिटर्न्ड’ म्हणजे उशिरा आलेली तेवढीच बिलं परत गेली. ‘बिल्स’नंतर आणि ‘लेट’नंतर कॉमा घातला की सगळीच बिलं उशिरा आली आणि सगळीच परत गेली! आणि घालायचे तर दोन्हीकडे घाला, एकीकडचा विसरला की वाक्य लंगडतं.

राहिला ‘अँड’आधीचा. यादी असेल तर याला ऑक्सफर्ड कॉमा म्हणतात, अमेरिकन पुस्तकांत बहुतेक असतो, आपल्याकडच्या पेपरांत सहसा नसतो, दोन्ही चालतं. फक्त यादीचा शेवट गोंधळाचा असेल तर घालाच. अमेरिकेत मेन नावाच्या राज्यात ओव्हरटाइम कोणाला द्यायचा नाही अशा कामांची यादी कायद्यात होती, शेवटी ‘पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्युशन’, ‘ऑर’आधी कॉमा नाही. ओकहर्स्ट डेअरीचे ड्रायव्हर म्हणाले, यात वाहतूक आलीच नाही, हे सगळं पॅकिंगबद्दलच आहे, आम्ही तर फक्त माल पोचवतो. 2017 मध्ये अपील कोर्टाने त्यांच्या बाजूने निकाल दिला आणि पुढच्या वर्षी डेअरीने 50 लाख डॉलरवर तडजोड केली. तिथल्या विधिमंडळाने मग त्या यादीत कॉमांऐवजी सेमीकोलनच टाकले. तुमच्या मेलमध्ये मात्र साहेब घालत असतील तर घाला, उगाच वाद नको.