आठवीत जाणाऱ्या हुशार मुलीसाठी लातूर गाठावे का?

प्रश्न : माझी मुलगी जिल्हा परिषदेच्या शाळेतून सातवी झाली असून जूनपासून गावातील हायस्कुलात आठवीला जाईल. पाचवीच्या शिष्यवृत्ती परीक्षेत ती जिल्ह्याच्या गुणवत्ता यादीत होती, सहावीत होमी भाभा बालवैज्ञानिक परीक्षेच्या प्रात्यक्षिक फेरीपर्यंत गेली आणि तिला तीन ऑलिंपियाडची सुवर्णपदके आहेत. तिला लातूरच्या एका कोचिंग वर्गाच्या फाउंडेशन बॅचला घालण्याचे ठरवले असून पहिला हप्ता भरला आहे. तिची आई अंगणवाडी सेविकेचे काम सोडून तिच्यासोबत खोली घेऊन राहील. मुलगी मात्र जिन्याच्या पायऱ्यांचे कसलेसे हिशेब करून वह्या भरते. ते बंद करून एनटीएसई (राष्ट्रीय प्रज्ञाशोध परीक्षा) व ऑलिंपियाडची तयारी कशी करून घ्यावी?
– एक पालक, धाराशिव जिल्हा

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

आपण पत्रासोबत मुलीचे जूनपासूनचे वेळापत्रक जोडले आहे, आणि खरे सांगायचे तर तिच्या गुणांपेक्षा मी त्या कागदावरच अधिक काळ थांबले. पहाटे पाचपासून रात्री साडेदहापर्यंतचा प्रत्येक अर्धा तास त्यात भरलेला आहे. सायंकाळी सहा ते सहा वीस एवढाच ‘मोकळा वेळ’ असून त्याच्यापुढेही आपण ‘सूत्रांचे पाठांतर चालेल’ असे कंसात लिहिले आहे. एवढ्या मोठ्या पत्रात मुलीला स्वतःला लातूरला जायचे आहे की नाही, याविषयी एकही वाक्य नाही. आपण पोटाला चिमटा घेऊन हे पैसे उभे केले आहेत, हे ओळीओळीतून जाणवते आणि त्याबद्दल मला आदरच आहे. परंतु या सगळ्या बेतात मुलगी कोठेच दिसत नाही, हे आपल्याला स्पष्टपणे सांगणे मला भाग आहे.

त्याहून अधिक काळजी मला तिच्या आईच्या कामाची वाटते. अंगणवाडीतील जागा एकदा सोडली की ती परत मिळणे सोपे नसते. आणि घरातले एक मानधन थांबून खोलीचे भाडे व दोन ठिकाणचा किराणा सुरू झाला की साऱ्या घराचा हिशेब तेरा वर्षांच्या मुलीच्या गुणांवर येऊन ठेपतो. हे तिला कोणी बोलून दाखवावे लागत नाही. चाचणीत चार गुण कमी पडले तर ती त्या चार गुणांपुरती हळहळत नाही. आईने माझ्यासाठी काम सोडले आणि मी हे असे केले, असे ती स्वतःला बजावत राहते. माझ्याकडे येणाऱ्या मुलांमध्ये अभ्यास न झेपणारी थोडी असतात, पण आईवडिलांच्या अशा त्यागाखाली दबून गेलेली आणि त्यामुळे येत असलेल्या प्रश्नालाही हात लावायला घाबरणारी पुष्कळ असतात. आईने काम सोडू नये, हे माझे पहिले आणि ठाम मत आहे.

आता आपल्या तक्रारीकडे वळते. एका वेळी एक किंवा दोन पायऱ्या घेतल्या तर जिना किती निरनिराळ्या प्रकारे चढता येईल, हे ती महिनाभर शोधत बसली आहे, असे आपण लिहिता. तीन पायऱ्यांसाठी तीन, चारसाठी पाच, पाचसाठी आठ, सहासाठी तेरा ही उत्तरे तिने स्वतः मांडून काढली, आणि मागच्या दोन संख्यांची बेरीज केली की पुढची संख्या का मिळते, असे ती भेटेल त्याला विचारते आहे. गुरुजींनी ‘हे अभ्यासक्रमात नाही’ म्हणून वही मिटून परत दिली. शेवटचे पाऊल एकतर एका पायरीचे असते किंवा दोन पायऱ्यांचे, म्हणून मागच्या दोन उत्तरांची बेरीज करावी लागते, एवढेच त्यामागचे कारण आहे. पण ते शोधण्याची ओढ लागणे, हे गणिती बुद्धीचे लक्षण आहे. आपल्या छंदशास्त्रात लघूची एक आणि गुरूच्या दोन मात्रा धरतात. ठरावीक मात्रांची ओळ लघु-गुरूंच्या किती रचनांनी भरता येईल, हा प्रश्न म्हणजे नेमका तिचाच जिना, आणि त्याचा हाच नियम जैन पंडित आचार्य हेमचंद्रांनी बाराव्या शतकात, इटलीच्या फिबोनाची या गणितज्ञाने १२०२ मध्ये आपला ग्रंथ लिहिण्यापूर्वी, नोंदवून ठेवला होता. तिन्ही पदकांपेक्षा मला ही वही मोलाची वाटते. कृपा करून ती बंद करू नका, आणि वर लिहिलेले कारणही तिला आयते सांगू नका. एका वेळी तीन पायऱ्या चढण्याची मुभा दिली तर काय होईल, एवढाच प्रश्न तिच्यापुढे ठेवा.

फाउंडेशन बॅचमध्ये नेमके काय होते, हे आपण पाहिले पाहिजे. अकरावी-बारावीत शिकायचे घटक आठवी-नववीत उरकायचे आणि त्यांवरील प्रश्न वेगाने सोडवण्याचा सराव करायचा, हे तिचे मुख्य स्वरूप असते. पुढच्या इयत्तेचे आधी शिकल्याने काही मुलांचे निश्चित भले होते, परंतु ते मुलाच्या स्वतःच्या भुकेने आणि त्याच्या आवडीच्या एखाद्या विषयात व्हावे लागते. साऱ्या बॅचला एकाच गतीने पुढे रेटणे म्हणजे प्रज्ञेचे संवर्धन नव्हे. जानेवारी २०२४ मध्ये केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत तर सोळा वर्षांखालील विद्यार्थ्यांना कोचिंग वर्गांनी घेऊच नये, प्रवेश दहावीच्या परीक्षेनंतरच द्यावा, असे म्हटले आहे. जो वर्ग तेरा वर्षांच्या मुलीचा हप्ता स्वीकारतो, त्याला आपल्या मुलीच्या हिताची किती फिकीर आहे, याचा विचार आपणच करावा.

एक गैरसमज मात्र मुळातूनच दूर केला पाहिजे. शाळेत अर्ज वाटून, शुल्क घेऊन खासगी संस्था ज्या ‘ऑलिंपियाड’ घेतात, त्यांचा आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडशी काहीही संबंध नसतो. त्यांत बहुधा शाळेच्या अभ्यासक्रमावरचे, पर्यायांतून उत्तर निवडायचे प्रश्न असतात आणि शाळेतल्या शाळेतही सुवर्णपदके दिली जातात. आपल्या मुलीची तिन्ही पदके अशाच परीक्षांची आहेत. देशाच्या संघाची निवड ज्या वाटेने होते, ती मुंबईत मानखुर्द येथील होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राच्या देखरेखीखाली चालते. गणितात या वाटेची पहिली पायरी म्हणजे आयओक्यूएम ही पात्रता परीक्षा : आठवीपासून देता येणारी, तीन तासांत ३० प्रश्नांची परीक्षा, जिच्यात पर्याय नसतात आणि प्रत्येक उत्तर एक पूर्णांक असते. त्यापुढे आरएमओ (प्रादेशिक) व आयएनएमओ (राष्ट्रीय) या फेऱ्या येतात. केवळ मुलींसाठी असलेल्या युरोपीय गणित ऑलिंपियाडलाही भारताचा संघ जातो. लक्षात घेण्याची गोष्ट ही, की या वाटेवर कलनशास्त्राची (कॅल्क्युलसची) गरजच पडत नाही. संख्यांचे गुणधर्म, भूमिती, बीजगणित आणि मोजणीचे कूटप्रश्न, म्हणजे शाळेच्याच गणिताच्या खोल तळाशी असलेले विषय, तेथे लागतात. जे बंद कसे करावे असे आपण विचारता, तीच या परीक्षेची खरी तयारी आहे. तरीही यंदा तिने ती केवळ प्रश्न पाहण्यासाठी द्यावी, आणि निकालाची वाट घरात कोणीही पाहू नये.

म्हणून माझा सल्ला असा, की तिला गावातील हायस्कुलातच जाऊ द्यावे, आणि सायंकाळचे दोन तास वेळापत्रकातून पूर्णपणे मोकळे करावेत. तेथील मुख्याध्यापकांना भेटून, आठवी ते दहावीच्या पाच-सात उत्सुक मुलांचे गणित मंडळ आठवड्यातून एक दिवस भरवता येईल का, असे विचारावे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात अशा विषयवार मंडळांची शिफारस आहे, तेव्हा आपण जगावेगळे काही मागत नाही. शिक्षकाला सगळे आलेच पाहिजे असे नाही, वही न मिटणारा शिक्षक मिळाला तरी पुरे. मंडळाला लागणारे साहित्य फुकट मिळते. मानखुर्दच्या केंद्राने ‘विज्ञान प्रतिभा’ उपक्रमात आठवी ते दहावीसाठी तयार केलेले कृतिसंच संकेतस्थळावर आहेत, आणि टाकाऊतून विज्ञानखेळणी बनवणारे अरविंद गुप्ता यांच्या संकेतस्थळावर मराठी विज्ञानपुस्तकांचा मोठा साठा खुला आहे. सुटीत पुण्याला जाणे झाले तर आयुका या खगोलविज्ञान संस्थेची मुक्तांगण विज्ञान शोधिका अवश्य दाखवावी, आणि भास्कराचार्य प्रतिष्ठानात शाळकरी मुलांच्या गणित वर्गांची चौकशी करावी. दोन मुलींना मिळून गावातल्याच एखाद्या प्रश्नावर काम करायचे असेल, तर राष्ट्रीय बालविज्ञान परिषदेसाठी प्रकल्प मराठीतूनही मांडता येतो. तिला स्वतःसारखी एखादी मैत्रीण मिळणे, हे कोणत्याही बॅचपेक्षा अधिक उपयोगाचे ठरेल; आजवर वर्गात तिच्या प्रश्नावर तिच्याबरोबर भांडायलाही कोणी नव्हते.

राहिल्या परीक्षा. एनटीएसई २०२१ मध्ये स्थगित झाली, तेव्हा त्या परीक्षेच्या नावाने शुल्क मागणाऱ्यांपासून सावध राहावे. पालकांचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांपर्यंत असेल आणि शाळा अनुदानित असेल, तर आठवीत एनएमएमएस ही केंद्राची शिष्यवृत्ती परीक्षा द्यावी. निवड झाल्यास नववीपासून बारावीपर्यंत वर्षाला १२,००० रुपये मिळतात. होमी भाभा परीक्षा पुन्हा नववीत येईल. नवोदयच्या नववीतील रिक्त जागांसाठीही आठवीत असताना परीक्षा देता येते, परंतु वसतिगृहात राहण्याचा निर्णय तिला विचारल्याशिवाय घेऊ नये.

बॅच अजून सुरू झालेली नाही, तेव्हा भरलेल्या हप्त्याची परतफेड लेखी अर्ज देऊन लगेच मागावी आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यावी. वर सांगितलेल्या मार्गदर्शक सूचनांत, विद्यार्थ्याने अभ्यासक्रम मध्येच सोडला तरी उरलेल्या काळाचे शुल्क १० दिवसांत परत करावे, असे नमूद आहे. अर्जात त्यांचा उल्लेख अवश्य करावा.