छाटणीचे पैसे मसाई माराला लावू नका

तासगाव तालुक्यातल्या एका बागायतदाराने विचारलंय: वय 46, दोन एकर द्राक्षबाग, बँकेत पाच लाखांची ठेव. या ऑगस्टमध्ये पती-पत्नीने केनियातलं मसाई मारा अभयारण्य बघायचं आहे, माणशी खर्च 3 लाख 40 हजार. ठेव मोडायची, उरलेल्यासाठी सोनं गहाण ठेवायचं, असा बेत आहे. करावं का?

दादा, ‘वीस वर्षांत आम्ही दोघं बाग सोडून दोन रात्री कुठं राहिलो नाही’ ही तुमची ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली. म्हणून आधीच सांगतो, जा. पण या ऑगस्टला नको, पुढच्या ऑगस्टला जा.

महिना तुम्ही बरोबर निवडलाय. विल्डबीस्टचे (गाईसारख्या दिसणाऱ्या आफ्रिकी हरणांचे) कळप साधारण जुलै ते ऑक्टोबर मारात असतात, आणि ऑगस्टमध्ये आपल्याकडे फळछाटणी अजून व्हायची असते. अडचण पैशांची आहे. छाटणीपासून माल निघेपर्यंत दोन एकराला चार लाख लागतात, असं तुम्हीच लिहिलंय. ते येणार याच ठेवीतून. सहलीहून परत आलात की महिनाभरात छाटणी आणि तिच्यामागोमाग फवारण्या, डिपिंग (घड द्रावणात बुडवणं) सुरू होतील, तेव्हा हातात काय असेल? 2019 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरचा पाऊस तुम्ही बघितलाय. तसं वर्ष पुन्हा आलं तर वहिनींचं सोनं सोडवायला आणखी कर्ज काढावं लागेल.

तुम्ही पाठवलेलं कोटेशन नीट बघितलं. तळाशी बारीक अक्षरात ‘पार्क फी वगळून’ असं लिहिलंय. मसाई माराची फी परदेशी माणसाला जुलै ते डिसेंबर दिवसाला 200 डॉलर आहे. दोघांचे तीन दिवसांचे झाले 1,200 डॉलर, म्हणजे लाखाच्या वर! जानेवारी ते जून हीच फी 100 डॉलर असते, पण तेव्हा तुमची काढणी आणि बेदाणा सुकवायचं रॅक सोडून कोण निघणार?

शिवाय परदेशी पॅकेजवर टीसीएस (पॅकेज विकतानाच आगाऊ घेतला जाणारा आयकर) लावतात. शेतीच्या उत्पन्नावर कर नाही म्हणून तुम्ही कधी रिटर्न भरला नसेल, तर या वेळी भरा. नाहीतर ती रक्कम परत मिळायची नाही.

आता पैसे कुठून आणायचे? कोल्ड स्टोरेजला तीन टन बेदाणा पडून आहे ना? सगळा एका सौद्यात काढू नका, दिवाळीआधीची मागणी बघून टप्प्याटप्प्याने काढा. आलेल्या पैशांतून आधी पीककर्ज वेळेत भरा, म्हणजे व्याजाची सवलत जाणार नाही. उरतील ते वर्षाच्या वेगळ्या ठेवीत टाका आणि त्या पावतीवर पेन्सिलीने ‘मारा’ लिहा. एका वर्षासाठी शेअर बाजाराच्या फंडात घालू नका. ठेव आठ लाखांवर गेली की बुकिंग करा.

पिवळ्या तापाची लस निघण्याच्या किमान दहा दिवस आधी, सरकारमान्य केंद्रातच घ्या. परत येताना विमानतळावर त्याचा दाखला मागतात, नसला तर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात. प्रवास विम्यात रुग्णाला विमानाने हलवायचा खर्च धरलाय का, तेही बघा. माराच्या रानातून नैरोबीचं मोठं हॉस्पिटल लांब आहे.

आणि ते सहलवाले ‘30 तारखेपर्यंत पूर्ण पैसे भरा, पंधरा हजार सूट’ म्हणतात, त्याला भुलू नका. कळप नदी कोणत्या दिवशी ओलांडतील हे कुणीच बांधून देत नाही, म्हणून पुढच्या वर्षी सूट मागण्यापेक्षा मारात एक मुक्काम वाढवून मागा. नवं कोटेशन ‘पार्क फीसह’ लिहून आलं की मला पाठवा, मी बघून देतो.