श्रावणात चिखलदऱ्याच्या डोंगरात पायी फिरणं नवख्यांना जमेल का?

जमेल. तुम्ही लिहिलंय की ऑगस्टच्या सुट्टीत पुण्याहून येताय, सोबत बायको आणि बारा वर्षांची मुलगी आहे, आणि वाटेवरच्या चिखलाची धास्ती वाटते. माझं गाव परतवाड्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी. पावसाळ्यात या डोंगरात आमचं जाणं-येणं असतंच, म्हणून आधीच सांगतो: चिखलापेक्षा जास्त जपायचं ते नाल्याला.

तरी चिखलाचंही ऐका. पायथ्याची माती काळी, चिकण. ओली झाली की फुगते, बुटाला थरावर थर चढतात आणि पांदण रस्त्यावर थोडं चाललं की पाय उचलेनासा होतो. काडीने खरवडायचं आणि पुढे जायचं, एवढंच. डोंगरावर मात्र मातीचा थर पातळ, खाली मुरूम आणि दगड. माणूस आपटतो तो तिथे. शेवाळलेला काळा दगड, उघडं पडलेलं ओलं मूळ आणि सागाची भिजलेली पानं, या तिन्हींवर भार टाकू नका. गवताचा बुंधा दिसला तर त्यावर पाय द्या. उतरताना गुडघे थोडे वाकवा, पाऊल आडवं टाका, आणि मुलीला तुमच्या मागे नाही, दोघांच्या मध्ये ठेवा. चढताना सोपी वाटलेली वाट उतरताना तशी राहत नाही, म्हणून वर जातानाच अधूनमधून मागे वळून बघत चला.

खोल खाचांचे रबरी तळ असलेले बूट घाला. गमबूट नको, त्यात पाणी शिरलं की चालणं संपलं. जीन्सही नको. छातीएवढी बांबूची काठी मात्र प्रत्येकाच्या हाती हवी.

आता नाला. आमच्याकडे झड लागते, म्हणजे दोन-दोन, तीन-तीन दिवस पाऊस थांबत नाही. डोंगर तोवर पाणी पिऊन तुडुंब झालेला असतो. मग वर कुठेतरी जोराची सर आली की तुमच्या डोक्यावर ऊन असलं तरी नाल्याला लोंढा येतो. पाणी एकाएकी गढूळ झालं, काड्या-पालापाचोळा वाहून येऊ लागला, आवाज बदलला, की त्याच क्षणी काठावर चढायचं. फोटो नाही, पिशवीसाठी मागे फिरणं नाही. सकाळी घोट्याएवढ्या पाण्यातून ओलांडलेला नाला परतताना गुडघ्याला लागत असेल तर पाय घालू नका, रपट्यावर, म्हणजे नाल्यावरच्या बुटक्या पुलावर, पाणी असेल तर गाडीही घालू नका. असे नाले जसे भरतात तसे काही तासांत ओसरतातही. काठावर बसून राहण्यात कमीपणा नाही. कोरडे कपडे, खायला काहीतरी आणि टॉर्च त्याच वेळेसाठी न्यायची. झड संपून एक दिवस उघाड मिळाल्यावर निघालात तर उत्तम.

कुठे जायचं विचाराल तर मी गाविलगड सांगेन. 1803 च्या डिसेंबरात इंग्रज सेनापती वेलस्लीच्या फौजेने हा किल्ला मराठ्यांकडून घेतला, तेव्हा जड तोफा डोंगरातून माणसांनी ओढत आणल्या होत्या. श्रावणात तीच वाट असती तर काय झालं असतं, हे तिथे चिखलात उभं राहिलं की लगेच कळतं! तटबंदीच्या कडेला मात्र जाऊ नका. गवत वाढलेलं असतं, धुकं दाटलेलं असतं, आणि कडा कुठे संपते ते दिसत नाही. जुन्या तलावांच्या काठांचंही तसंच.

हा सगळा मुलूख मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचा आहे. मनाला वाटेल त्या पायवाटेने जंगलात शिरायचं नाही. वनविभागाच्या नाक्यावर विचारा, परवानगी असेल तिथेच जा आणि गावातला कोरकू आदिवासी वाटाड्या सोबत घ्या. त्याचे पैसे घासाघीस न करता द्या. कुठला नाला कधी फुगतो हे त्याच्याइतकं कोणालाच ठाऊक नसतं. शिवाय पावसाच्या आवाजात अस्वलाला तुमची चाहूल लागत नाही आणि तुम्हाला त्याची. त्यामुळे बोलत चला, काठी आपटत चला. गवतात पाय टाकण्याआधी काठी फिरवा, घोणस ओल्या पाचोळ्यात अजिबात ओळखू येत नाही. कोणाला साप चावलाच तर मांत्रिक, चिरा, दोरी यांत वेळ घालवू नका, पाय न हलवता थेट सरकारी दवाखाना गाठा.

ढग गडगडायला लागले तर उघड्या पठारावर किंवा एकट्या झाडाखाली थांबू नका. फोनमध्ये 'दामिनी' ॲप आधीच घेऊन ठेवा, विजेचा इशारा त्यावर येतो. वर रेंज जाते-येते, म्हणून निघण्यापूर्वी बघा.

15 ऑगस्टला लागून येणारे सुट्टीचे दिवस टाळता आले तर टाळा, घाटात गाड्यांची रांग लागते. मंगळवार-बुधवार धरा, सकाळी लवकर चालायला लागा आणि दुपारी तीनच्या आत मुक्कामी परत या.