पहिल्या गोलाचा विक्रम की मान?

प्रश्न असा आहे : 'विश्वचषकातला पहिला गोल करण्याचा विक्रम फ्रान्सच्या लुसियाँ लोराँच्या नावावर आहे' हे वाक्य कानाला खटकतं, पण नेमकं काय चुकलंय ते सांगता येत नाही. जाताजाता 'पहिला' आणि 'पहिलावहिला' यांतला फरकही विचारलाय.

खटकतंय ते 'विक्रम'. तिथे 'मान' हवा. शंका आली की शब्दापुढे 'मोडला' लावून बघावं. २००२ मध्ये तुर्कस्तानच्या हकान शुकुरने दक्षिण कोरियाविरुद्ध अकराव्या सेकंदाला गोल मारला आणि विश्वचषकातल्या सर्वांत जलद गोलाचा १९६२ पासूनचा विक्रम मोडला. मिरोस्लाव्ह क्लोजने २०१४ मध्ये सोळावा गोल करून ब्राझीलच्या रोनाल्डोचा पंधरा गोलांचा विक्रम मोडला. आता लोराँचं बघा. १३ जुलै १९३०, माँटेव्हिडिओ, मेक्सिकोविरुद्ध एकोणिसावं मिनिट. हा गोल कोण मोडणार? पुढे कुणी शंभर गोल मारले तरी पहिला तो पहिलाच.

कुणी म्हणेल, संस्कृतात विक्रम म्हणजे पराक्रम, मग पहिला गोल हाही पराक्रमच की. व्युत्पत्तीने ते चालेल. पण खेळाच्या पानावर या शब्दाला गेली कित्येक वर्षं आकड्याचीच सवय लागली आहे. 'विक्रमी' हे विशेषणच घ्या : विक्रमी गर्दी, विक्रमी पीक, विक्रमी धावा. सगळीकडे मोजमाप. १९५०च्या विश्वचषकात उरुग्वे-ब्राझील सामन्याला माराकानावर तिकीट काढून आलेलेच १,७३,८५० लोक होते. ती विक्रमी गर्दी. लोराँचा गोल 'विक्रमी' म्हटला तर वाचणारा विचारेल, किती लांबून मारला?

खुद्द लोराँच्या संघाला त्या दिवशी या गोलाचं फारसं अप्रूप नव्हतं. हस्तांदोलन झालं आणि खेळ पुढे सुरू झाला. 'मान' हा असा मागाहून, इतरांनी दिलेला असतो, म्हणूनही तो शब्द इथे चपखल बसतो. आपल्याकडचं उदाहरण नेव्हिल डिसोझांचं. मूळचे गोव्याचे, खेळले मुंबईत. १९५६च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये त्यांनी ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल केले. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारा पहिला आशियाई हा मान त्यांचा.

मात्र 'मान' सगळीकडे ठोकून चालत नाही. १९७४ मध्ये चिलीच्या कार्लोस काझेलीला पश्चिम जर्मनीविरुद्ध विश्वचषकातलं पहिलं लाल कार्ड दाखवलं गेलं. 'लाल कार्ड मिळवण्याचा मान' असं लिहिलं की टोमणा होतो. तिथे 'नामुष्की' म्हणा, नाहीतर सरळ 'नावावर'. हा शब्द बिचारा तटस्थ आहे. सातबाऱ्यावर जमीन लागते तसा मेक्सिकोच्या मानुएल रोसासच्या नावावर विश्वचषकातला पहिला स्वयंगोल लागलेला आहे. आणि काझेलीबद्दल 'विश्वचषकात मैदानाबाहेर काढला गेलेला पहिला खेळाडू' असं लिहू नका. पेरूच्या प्लासिदो गालिंदोला १९३० मध्येच बाहेर काढलं होतं. कार्डं १९७० मध्ये आली, इतकंच.

मान मोडत नसला तरी जाऊ शकतो. विश्वचषकातली पहिली हॅटट्रिक अर्जेंटिनाच्या गिलेर्मो स्ताबिलेची, १९ जुलै १९३०ची, असं वर्षानुवर्षं छापलं जात होतं. अमेरिकेच्या बर्ट पॅटनॉडने त्याच्या दोन दिवस आधी पॅराग्वेविरुद्ध तीन गोल केले होते, पण त्यांतला एक कुणाचा यावर वाद होता. २००६ मध्ये फिफाने तो पॅटनॉडचाच ठरवला आणि मान त्याच्याकडे गेला. इथे 'स्ताबिलेचा विक्रम मोडला' लिहिणं साफ चूक. नोंद दुरुस्त झाली.

राहिला 'पहिलावहिला'. जुन्या मराठीत 'वहिला' म्हणजे लवकर, सत्वर. आता तो एकटा सहसा भेटत नाही. 'पहिला गोल' प्रत्येक सामन्यात होतो, गोलशून्य सामना सोडला तर. 'पहिलावहिला' म्हटलं की त्याआधी तसलं काहीच नव्हतं हे पक्कं होतं, आणि थोडं कौतुकही मिसळतं. म्हणून ८ मार्च १८७३ रोजी लंडनच्या ओव्हलवर स्कॉटलंडविरुद्ध विल्यम केन्यन-स्लेनीने केलेल्या गोलाला 'इंग्लंडचा पहिला गोल' म्हणून भागत नाही. त्या सामन्यात इंग्लंडने चार केले होते. तो आंतरराष्ट्रीय फुटबॉलमधला पहिलावहिला गोल. (हे गृहस्थ जन्मले आपल्या राजकोटात.)

त्याआधीचा, ३० नोव्हेंबर १८७२चा ग्लासगोतला सामना ०-० सुटला होता. त्याला मात्र नुसतं 'पहिलावहिला' लावू नका, 'अधिकृत' हा शब्द आधी घाला. कारण १८७० ते १८७२ दरम्यान इंग्लंड-स्कॉटलंड नावाने ओव्हलवर पाच सामने झाले होते, पण स्कॉटलंडचा संघ मुख्यतः लंडन परिसरातल्या खेळाडूंचा, म्हणून ते गणतीत धरत नाहीत.