डबल बेसची तार ‘उतरली’ की ‘उतरवली’?

नागपूरच्या धरमपेठेतील एका तरुण डबल बेस (व्हायोलिनसारखे, पण खूप मोठे आणि खर्जातले तंतुवाद्य) वादकाने विचारले आहे की, वाद्याच्या तारा नेहमीपेक्षा वेगळ्या स्वरांत लावून वाजवण्याला मराठीत काय म्हणावे. छोट्या घरगुती मैफिलीच्या पत्रिकेत त्याने ‘पर्यायी ट्यूनिंगचे प्रयोग’ असे लिहिले होते, पण ते त्याचे त्यालाच रुचले नाही. पाश्चात्त्य संगीतात यासाठी ‘स्कोर्दातुरा’ हा इटालियन शब्द आहे आणि त्याच्या मुळाशी ‘बेसूर होणे’ या अर्थाचे क्रियापद आहे. तेव्हा ‘बेसूर जुळणी’ लिहिले तर चालेल काय, अशी त्याची पृच्छा आहे.

‘बेसूर जुळणी’ मुळीच लिहू नये. इटालियन शब्दाचे मूळ काही असो, ज्या वाद्याची एक तार मुद्दाम खाली आणली आहे ते वाद्य सुरातच असते. फक्त सूर वेगळा असतो. हा भेद दाखवण्याची सोय मराठीच्या क्रियापदांत आधीपासून आहे. नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात तंबोऱ्याच्या लाकडी खुंट्या आकसून सैल होतात, रात्री मिळवून ठेवलेला तंबोरा सकाळी छेडला की खर्जाची तार ढिली, भसाडी बोलते, आणि आपण सहज म्हणतो, ‘तार उतरली.’ तीच तार वादकाने स्वतः खाली आणली, तर तो म्हणतो, ‘तार उतरवली.’ पहिल्या क्रियापदात दोष आहे, दुसऱ्यात हेतू. ‘चढली’ आणि ‘चढवली’ यांतही तोच फरक. स्कोर्दातुराला जे एका शब्दात सांगता येत नाही, ते मराठी एका ‘व’ने सांगते, आणि मला ही आपल्या भाषेची मोठी श्रीमंती वाटते.

आता ‘लावणे’, ‘जुळवणे’ आणि ‘मिळवणे’ यांविषयी. बोलताना ही तिन्ही एकमेकांच्या जागी येतात, परंतु कोणता स्वर हे सांगायचे असेल तेव्हा ‘लावणे’च तोंडी येते. मालकंस रागात पंचम (प) वर्ज्य असल्यामुळे तंबोऱ्याची पहिली तार ‘मध्यमात लावतात’. ती ‘मध्यमात जुळवतात’ असे कोणी सहसा म्हणत नाही. लावलेली तार इतर तारांशी नेमकी एक झाली की नाही, हे पाहताना मात्र ‘मिळवणे’ आणि ‘जुळवणे’ येतात. अडचण नामाची आहे, कारण ‘लावणी’ हा शब्द गाण्याने आणि भातशेतीने (आपल्याकडच्या धान उत्पादक भागात तिला रोवणी म्हणतात, ही गोष्ट वेगळी) कधीच घेऊन टाकला आहे. म्हणून एका तारेपुरते बोलताना क्रियापद वापरावे, आणि चारही तारांचे परस्परनाते सांगताना ‘जुळणी’ हे नाम घ्यावे.

या भेदाचा उपयोग डबल बेसच्या बाबतीत लगेच दिसतो. त्याच्या चार तारा खालून वर, हार्मोनियमच्या भाषेत (सप्तकातल्या पांढऱ्या पट्ट्यांच्या क्रमांकाने), पांढरी ३, पांढरी ६, पांढरी २ आणि पांढरी ५ अशा लावलेल्या असतात. म्हणजे प्रत्येक तार आधीच्या तारेचा मध्यम असते; आधीची ‘सा’ धरली तर पुढची ‘म’. एकलवादनासाठी पुष्कळ वादक चारही तारा एकेक पूर्ण स्वर चढवतात. तेथे जुळणी तीच राहते आणि फक्त पट्टी बदलते, म्हणून त्याला ‘वरच्या पट्टीत लावणे’ म्हणावे. पांढरी ३ची सर्वांत जाड तार तेवढी पांढरी २पर्यंत आणली, तर ‘खालची तार एक स्वर उतरवली’ हे पुरे आहे. परंतु अमेरिकन जाझ वादक रेड मिचेल यांनी १९६६ साली स्वीकारलेली पद्धत निराळी आहे. तीत तारा पांढरी १, ५, २ आणि ६ अशा चढत जातात आणि प्रत्येक तार आधीच्या तारेचा पंचम होते. चेलोच्या तारा अशाच असतात, मात्र एक सप्तक वर. नेहमीच्या जुळणीवरून येथे यायचे तर पांढरी २ची तार जागेवर राहते, तिच्या वरची एक स्वर चढते, खालची एक स्वर उतरते आणि सर्वांत खालची दोन स्वर उतरते. येथे खरोखर जुळणी बदलली. तिच्यासाठी नवा शब्द घडवण्याची गरज नाही, कारण ‘षड्ज-मध्यम भाव’ आणि ‘षड्ज-पंचम भाव’ हे शब्द आपल्या गायक-वादकांच्या रोजच्या वापरातले आहेत. ‘षड्ज-पंचम भावाची जुळणी’ म्हटले की तंबोरा मिळवणाऱ्या कोणालाही ती कानात ऐकू येईल.

राहिला ‘पर्यायी’ आणि ‘प्रयोग’ यांचा प्रश्न. पर्याय एखाद्या गोष्टीच्या जागी येतो, आणि येथे तर वादक त्याच रात्री पुन्हा मूळ जुळणीवर परतणार आहे. म्हणून साधे ‘वेगळी’ अधिक खरे. ‘प्रयोग’ शब्द वाईट नाही, पण मैफिलीच्या पत्रिकेत तो वाचणाऱ्याला आधी नाटकाचा प्रयोग आठवतो. चाचपून बघण्याचा अर्थ मराठीत ‘पाहणे’ हे सहायक क्रियापद फार सुंदर देते: लावून पाहणे, उतरवून पाहणे. ‘ट्यूनिंग’ बोलण्यात खुशाल राहू द्यावे.

पत्रिकेत मी असे लिहिले असते: ‘या मैफिलीत डबल बेसच्या तारा वेगवेगळ्या स्वरांत लावून पाहिल्या आहेत. पहिल्या रचनेत खालची तार एक स्वर उतरवली असून दुसऱ्या रचनेत चारही तारांची जुळणी षड्ज-पंचम भावाची आहे.’